जोतिबाच्या चैत्र यात्रेला जाताय? आधी भेटायची जागा ठरवा

मोबाईल खिशात आहे, पूर्ण चार्ज आहे, मग काळजी कसली? मलाही असंच वाटलं होतं. दोन वर्षांपूर्वी चैत्र पौर्णिमेला आई, आजी आणि मी जोतिबाच्या डोंगरावर गेलो होतो. दुपारी गर्दीचा एक लोंढा आला, आजीचा हात सुटला आणि ती दिसेनाशी झाली. मी फोन काढला. रेंजच नव्हती. शिवाय आजीचा फोन माझ्याच पिशवीत होता!

आजी सापडली. कशी, ते पुढे सांगतेच. पण त्या पाऊण तासाने जे शिकवलं, ते तुम्हाला आधीच कळावं म्हणून हा लेख.

नाव नीट टाका

जोतिबाच्या गावाचं नाव आहे वाडी रत्नागिरी. हे गाव कोल्हापूर जिल्ह्यात, पन्हाळा तालुक्यात आहे. मॅपवर नुसतं 'रत्नागिरी' टाकलंत तर थेट कोकणात समुद्रावर पोहोचाल! त्यामुळे 'जोतिबा मंदिर, वाडी रत्नागिरी' असंच टाका. कोल्हापूर शहरापासून हा डोंगर साधारण २० किलोमीटरवर आहे. बाहेरच्या राज्यातून येत असाल तर रेल्वेने कोल्हापूरला उतरणं सोपं पडतं.

कधी जायचं?

मुख्य यात्रा चैत्र पौर्णिमेला, म्हणजेच हनुमान जयंतीच्या दिवशी असते. तारीख दरवर्षी बदलते, पण बहुतेक वेळा ती एप्रिलमध्ये येते. कॅलेंडर बघूनच तिकीट काढा.

सोबत तान्हं बाळ, दम्याचा त्रास असलेलं कुणी किंवा फार चालू न शकणारे आजी-आजोबा असतील, तर माझं ऐका, मुख्य दिवस टाळा. एखादा साधा मंगळवार किंवा बुधवार निवडा. रविवार हा जोतिबाचा वार, त्यामुळे एरवीही रविवारी गर्दी असते. यात्रेनंतरच्या रविवारी पाकाळणीसाठीही लोक लोटतात.

पण सासनकाठ्या बघायच्या असतील तर मात्र मुख्य दिवसाला पर्याय नाही.

सासनकाठी म्हणजे काय?

उंचच उंच बांबू, त्याला गुंडाळलेलं रंगीत कापड, वर निशाण आणि तोल सांभाळायला चहूबाजूंनी ताणलेल्या दोऱ्या. एक जण काठी अंगावर पेलून हलगी-सनईच्या तालावर नाचतो आणि बाकीचे दोऱ्या सांभाळतात. गावोगावच्या अशा काठ्या इथे येतात. मानाच्या काठ्यांचा क्रम ठरलेला असतो. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या निनाम पाडळीचा. कित्येक गावांची मंडळी काठी घेऊन अनेक दिवस चालत येतात.

दुपारी काठ्यांची मिरवणूक निघते. संध्याकाळी जोतिबाची पालखी यमाईच्या देवळाकडे जाते. 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' म्हणत लोक गुलाल आणि खोबरं उधळतात. बघता बघता देऊळ, रस्ता, माणसं, सगळं गुलाबी होतं.

वर कसं जायचं?

यात्रेच्या दिवसांत कोल्हापुरातून एसटी आणि केएमटीच्या जादा गाड्या सुटतात. त्याच वापरा. स्वतःची गाडी नेलीत तर ती बरीच अलीकडे लावून पुढे चालावं लागू शकतं. घाटातली वाहतूक कधी एकेरी केली जाते, कधी वळवली जाते, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी पोलिसांनी जाहीर केलेले मार्ग बघून घ्या. परतीच्या बसलाही मोठी रांग असते. रात्रीची ट्रेन पकडायची असेल तर पालखीचा मोह आवरा किंवा मुक्काम कोल्हापुरात ठेवा.

पिशवीत काय हवं?

• प्रत्येकासाठी पाण्याची बाटली आणि लिंबू-साखर-मीठ. उन्हाचा तडाखा असतो.
• टोपी आणि तोंडावर बांधायला सुती रुमाल. गुलाल नाका-डोळ्यांत जातो. लेन्स लावत असाल तर त्या दिवशी चष्माच बरा.
• जुने कपडे. गुलालाचा डाग सहजी निघत नाही!
• पायांत घट्ट बसणाऱ्या चपला.
• फोनसाठी प्लॅस्टिकची पिशवी आणि थोडे सुटे पैसे. रेंज नसेल तर ऑनलाइन पैसे जाणार नाहीत.

खोबरं उधळायचं असेल तर बारीक तुकडे करून उधळा. अख्खी वाटी कुणाच्या डोक्यात बसली तर जखम होते. खायची फारशी काळजी नको, यात्रेत गायमुख परिसरात अन्नछत्र असतं. आणि येताना दवणा घ्यायला विसरू नका. जोतिबाला वाहतात ती ही सुगंधी वनस्पती. घरी आल्यावरही पिशवीला तिचा वास येत राहतो.

देऊळही निवांत बघा

आजचं मुख्य देऊळ १७३० मध्ये राणोजी शिंदे यांनी बांधलं. म्हणजे ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे मूळ पुरुष. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या आपल्या वाचकांसाठी हा जवळचा धागा! शेजारचं केदारेश्वराचं देऊळ १८०८ मध्ये दौलतराव शिंदे यांनी बांधलं. त्याला खांबांचा आधार नाही, हे आत शिरल्यावर जरूर बघा.

आणि आजी?

आम्ही पाऊण तास शोधत होतो. रडून रडून माझे डोळे लाल झाले होते, गुलालामुळे ते कुणाला कळलं नाही एवढंच. शेवटी आईच म्हणाली, "खाली नको बघूस, वर बघ. आपल्या आजोळची काठी कुठंय?" कापडाच्या रंगांवरून आम्ही ती काठी ओळखली आणि गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत पोहोचलो. आजी तिथेच होती. माहेरच्या माणसांत, सावलीला बसून खोबरं खात.

मी तिला मिठी मारून विचारलं, "अगं, कुठं हरवलीस?"

ती म्हणाली, "मी कुठं हरवले? गावची काठी दिसत हुती की. तुम्हीच हरवला हुता."

तिच्या लहानपणी फोन नव्हते. यात्रेत चुकामूक झाली तर गावच्या काठीपाशी जायचं, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायचं. आम्ही तिला घेऊन गेलो होतो, पण जायचं कसं हे तिला विचारलंच नव्हतं.

म्हणून बसमधून उतरल्या उतरल्या सगळ्यांनी मिळून एक जागा ठरवा. बसथांबा चालेल, पोलीस मदत केंद्र चालेल. देवळातली दीपमाळ ठरवू नका, सगळे तीच ठरवतात. मुलांच्या आणि आजी-आजोबांच्या खिशात नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. ज्याचा फोन त्याच्याच जवळ असू द्या. तुमच्या गावची काठी येत असेल तर तिचे रंग मुलांना दाखवून ठेवा.

आणि घरात कुणी ही यात्रा आधी केलेली असेल, तर निघण्यापूर्वी त्यांच्यापाशी जरा बसा. मॅपवर नसलेलं बरंच काही त्यांना माहीत असतं.

चांगभलं!