टाक्यातलं लोणार आणि बी १२

लोणारकडच्या एक मावशी गेल्या पावसाळ्यात आल्या. तळपाय बधिर, अंधारात चालताना तोल जातो. माळकरी घर, दूधही चहापुरतंच. सहा महिन्यांपूर्वी त्यांचं बी १२ फार कमी निघालं होतं, म्हणून मी इंजेक्शनं लिहून दिली होती. दोन घेऊन त्या थांबल्या.

"कायले टोचून घ्यावं डॉक्टरसाहेब? पोरगा घरीच स्पिरुलिना पिकवते. त्यात बी १२ असते म्हणे."

पोरगा सोबतच होता. ताडपत्रीचं टाकं, त्यात खायचा सोडा, मीठ आणि विकत आणलेलं बियाणं. खत म्हणून गोबरगॅसची गाळलेली स्लरी आणि पऱ्हाटीची राख. मला कौतुक वाटलं. लोणार सरोवराचं पाणी अल्कधर्मी, सामू १० च्या आसपास. त्याचा हिरवा रंग बराचसा याच सूक्ष्म जिवाचा. (२०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, ते मिठात वाढणाऱ्या वेगळ्या जिवांमुळे.) सोडा घालून पोरानं घरात छोटं लोणारच केलं होतं. स्लरीतून नत्र, राखेतून पालाश. आफ्रिकेत चाड सरोवराकाठचे लोक हेच शेवाळ वाळवून कालवणात घालतात.

पण बी १२ चं गणित चुकलं होतं. स्पिरुलिनात जे सापडतं, ते बहुतांश दिसायला बी १२ सारखं. आपल्या शरीराला ते वापरता येत नाही. पाकिटावरचा आकडा खरा असला तरी नसांना उपाशीच राहावं लागतं. प्रथिनांचंही तसंच. वाळलेल्या स्पिरुलिनात ६० टक्के प्रथिनं असतात, पण अर्ध्या ग्रॅमच्या दोन गोळ्यांतून मिळणार जेमतेम ०.६ ग्रॅम. मूठभर फुटाणे त्याहून कितीतरी जास्त देतात!

स्लरीची मला जास्त काळजी वाटली. शेणातले जंतू सोड्याच्या पाण्यात बरेच मरतात, सगळे मरतीलच असं नाही. शिवाय उघड्या टाक्यात दुसरं निळं-हिरवं शेवाळ शिरलं, तर त्यातलं काहींचं विष यकृतावर जातं आणि उकळूनही जात नाही. डोळ्यांना दोन्ही हिरवंच.

"मंग स्लरी टाकू कुठं?"

"कपाशीला. खायचं शेवाळ खाण्याच्या दर्जाच्या क्षारांवरच वाढव, आणि विकण्याआधी प्रयोगशाळेत तपासून घे."

इंजेक्शनं का हवीत, हे मी पहिल्याच भेटीत नीट सांगितलं नव्हतं. ती पुन्हा सुरू केली. तीन महिन्यांनी मावशी रात्री एकट्या अंगणात जाऊ लागल्या. अंगठ्यांचा बधिरपणा मात्र अजून आहे.