पाठीवर किती, गावावर किती

मांडवगडाच्या दक्षिण कड्यावर रूपमतीचा मंडप आहे. पर्यटक गाडीने तिथवर येतात, कठड्याशी उभे राहून खाली पसरलेलं निमाड बघतात, हवा स्वच्छ असली तर दूरवर नर्मदेची रेघही त्यांना दिसते. त्याच निमाडातून हजारएक फुटांचा चढ चढून काही माणसं पायी वर येतात, ती मात्र घामाने निथळत. नर्मदेला पायी प्रदक्षिणा घालताना तिच्या उत्तर तटाने चालणारे कितीतरी परिक्रमावासी धरमपुरीच्या बाजूने विंध्याचा हा घाट चढून गडावरच्या रेवाकुंडाला येतात, कारण कुंडातलं पाणी नर्मदेचंच, अशी श्रद्धा आहे. या चढावर श्रद्धेची परीक्षा होते की नाही कोण जाणे, पाठीवरच्या सॅकची मात्र होतेच.

या माणसांत मराठी बोलणारे पुष्कळ. पुण्याचे, नाशिकचे, डोंबिवलीचे. बँकेतून किंवा शाळेतून निवृत्त झालेले, क्वचित नोकरी सोडून आलेले तरुण. यांतल्या अनेकांनी परिक्रमा आधी पुस्तकातून केलेली असते. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ १९५७ची. पुढे जगन्नाथ कुंटे आले, भारती ठाकूर आल्या, आणि नर्मदेकाठची गावं मराठी घरांत ओळखीची झाली. पुस्तक मिटलं की पुढचा प्रश्न अगदी ऐहिक असतो: सॅक कोणती घ्यायची?

दुकानात हा प्रश्न बहुधा उलट्या टोकाने सुटतो. आधी सॅक घेतली जाते. सहा महिने चालायचं, म्हणजे मोठीच हवी, म्हणून साठ-सत्तर लिटरची. भक्कम पाठ, जाड पट्टे, डझनभर चेन असलेली अशी सॅक रिकामीच दोन किलोंच्या आसपास भरते. मग घरी आल्यावर तिच्यातली मोकळी जागा डोळ्यांत खुपायला लागते. दुसरा स्वेटर जातो, तिसरा टॉवेल जातो, असू द्या म्हणून छोटा स्टोव्ह जातो, आणि निघण्याच्या आदल्या रात्री वजनकाट्यावर चौदा किलो दिसतात. सॅक शेवटी घ्यावी, हा जुन्या ट्रेकर मंडळींचा सल्ला अगदी रोखठोक आहे: सामान आधी जमिनीवर मांडा, त्यातलं निम्मं उचलून कपाटात ठेवा, आणि उरलेलं ज्या सॅकमध्ये जेमतेम मावेल ती विकत घ्या. परिक्रमेसाठी हा हिशेब केला तर पस्तीस-चाळीस लिटर पुष्कळ होतात. तंबू लागत नाही. अंगावरचा एक आणि सॅकमधला एक असे दोन जोड, थंडीची स्लीपिंग बॅग किंवा शाल-कांबळं, पंचा, ताट-लोटा, थोडी औषधं, विजेरी, पूजेतली नर्मदाजलाची बाटली. पंचाही माळव्यातला पातळ गमछा असला तर उत्तम. तो अर्ध्या तासात वाळतो, टर्किश टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच पाठीवर येतो.

एवढंच सामान असेल तर सॅकला आतून ॲल्युमिनियमची पट्टी नसली तरी चालतं. सात-आठ किलोंपर्यंतचं ओझं साध्या, बिनचौकटीच्या सॅकमध्येही पाठीला चिकटून बसतं, आणि अशी सॅक किलोभराची, कधी त्याहूनही हलकी मिळते. त्याहून जास्त वजन असेल तर चौकट आणि कमरेचा रुंद पट्टा हवाच. त्याचं काम ओझं खांद्यांवरून उचलून कमरेच्या हाडावर टेकवणं. इथे उंचीपेक्षा पाठीची लांबी महत्त्वाची. मान खाली घातली की मागे जे हाड टचकन वर येतं, तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत टेपने मोजायचं. सहा फुटी माणसाची पाठ आखूड निघू शकते आणि पाच फुटी बाईची लांब. दुकानदार रिकामी सॅक पाठीवर चढवून ‘एकदम फिट’ म्हणेल. त्याला हसून आत सात-आठ किलो भरायला सांगावं आणि दुकानातल्या दुकानात पंधरा मिनिटं फिरावं. खांद्यावर दोन बोटं सहज शिरली पाहिजेत, पट्टा पोटावर न येता हाडावर बसला पाहिजे. पावसाचं वरचं कव्हर वाऱ्यात उडतं आणि पाठीकडून पाणी शिरायचं ते शिरतंच. मांडवगडाला पावसाळ्यात फिरायला जाणाऱ्यांना हे सांगायला नको. सॅकच्या आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी घातली की तीस-चाळीस रुपयांत काम भागतं.

बुटांबद्दलही एक गोष्ट याच ओघात. पायातल्या वजनाला पाठीवरच्या वजनापेक्षा चार-पाच पट जास्त शक्ती लागते, असं प्रयोगांत दिसून आलेलं आहे. तेव्हा दीड किलोचे गिर्यारोहणाचे बूट घालून धार जिल्ह्यातल्या डांबरी रस्त्यांवरून चालणाऱ्याने सॅकमधला टूथब्रश अर्धा कापून काही साधत नाही.

हलकं चालण्याची ही विद्या आज अमेरिकेहून आल्यासारखी वाटते. तिथे रे जार्डिन या इंजिनिअरने १९९२मध्ये पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर चालणाऱ्यांसाठी एक पुस्तक काढलं, घरी शिवलेल्या सॅक वापरून दाखवल्या, आणि पुढे त्यातून एक पंथच निघाला. अन्न-पाणी सोडून उरलेलं सामान दहा पौंडांच्या, म्हणजे साडेचार किलोंच्या आत आलं की माणूस त्या पंथात बसतो. पण त्याच्याही कितीतरी आधी, १९५५ साली, एमा गेटवुड नावाची सदुसष्ट वर्षांची आजी, अकरा मुलांची आई, एकटीच ॲपलॅचियन ट्रेलवर निघाली आणि तीन हजारांहून जास्त किलोमीटर चालून गेली. तिच्यापाशी सॅक नव्हतीच. डेनिमच्या कापडाची घरी शिवलेली एक झोळी होती, ती ती एका खांद्यावर टाकायची. पायात कॅनव्हासचे बूट, तंबूऐवजी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. झोळीचं वजन आठ-नऊ किलोंच्या वर सहसा जात नसे. धरमपुरीच्या घाटावर ही आजी दिसली असती तर लोकांनी तिला ‘माताराम’ म्हणून आधी चहा पाजला असता. आणि तिला तरी काय, वाटेवरच्या अनोळखी लोकांनीच कितीदा जेवू घातलं, ओसरीवर झोपू दिलं. हलक्या सॅकच्या जाहिरातींत तिचं नाव हमखास येतं, त्या ओसऱ्या येत नाहीत.

नर्मदेच्या काठावर ओसरी हाच सगळ्या व्यवस्थेचा पाया आहे. संध्याकाळी गावात शिरलं की कोणीतरी विचारतं, ‘कितनी मूर्ति हो, बाबाजी?’ माणसांची मोजणी मूर्तींत करायची, हा तिथला रिवाज. मग आश्रमात शिजवलेलं भोजन मिळतं, नाहीतर सदाव्रत: पीठ, डाळ, तांदूळ, मीठ-मिरची, ज्याने त्याने आपलं शिजवून घ्यायचं. निजायला धर्मशाळा, देवळाचा मंडप, शाळेचा व्हरांडा. नियमच असा की अन्नाचा साठा करायचा नाही. तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची पारंपरिक परिक्रमा माणसं लोटा आणि झोळी घेऊन करत आली, ती काही कापडाच्या विणीतल्या शोधामुळे नव्हे. रोजच्या शिध्याचं ओझं काठावरची गावं उचलत होती, अजूनही उचलतात. परदेशी बनावटीची अतिहलकी सॅक वीस-पंचवीस हजारांच्या घरात जाते. ती पाठीवर घेऊन जो माणूस कुक्षी-मनावरकडच्या एखाद्या कापूसवाल्याच्या दारात उभा राहतो, त्याच्या हलकेपणाचा बराचसा खर्च तो कापूसवाला करत असतो. हे ध्यानात असलेले परिक्रमावासी निदान ताट स्वतः घासून ठेवतात आणि निघताना अंगण झाडतात.

काहींनी त्याहून पुढे मजल मारली. नाशिकच्या भारती ठाकूर २००५-०६मध्ये दोन मैत्रिणींबरोबर परिक्रमा चालल्या, परत आल्या, नोकरी सोडली आणि मंडलेश्वरजवळच्या लेपा गावात मुलांसाठी शाळा उभी करायला पुन्हा नर्मदेकाठी गेल्या.

हलकं होण्याचा एक जुना, न मागता मिळणारा मार्गही या रस्त्यावर होता. धार जिल्ह्याच्या पश्चिमेला, कुक्षीच्या पलीकडे, नर्मदेच्या दोन्ही अंगांनी शूलपाणीची झाडी पसरलेली. तिथले भिल्ल ‘मामा’ परिक्रमावासीयाला गाठून पिशवी, कपडे, चष्मा, सगळं काढून घेत आणि लंगोटीवर सोडून देत. नर्मदामाईचीच तशी आज्ञा आहे, ती लेकरांचा मोह सोडवते, असं लुटले गेलेलेच सांगत. गरिबीने केलेल्या लुटीला असा अर्थ लावणारी जमात फक्त यात्रेकरूंचीच! आता तो प्रकार जवळपास थांबला आहे, आणि त्याच वस्त्यांमध्ये आज परिक्रमावासीयांना जेवू घालणारी घरं आहेत.

मराठी माणूस अठराव्या शतकात या बाजूच्या घाटाने हलक्या पाठीने चढला तो मात्र यात्रेसाठी नव्हे. नोव्हेंबर १७२८मध्ये चिमाजी आप्पांची फौज नर्मदा उतरून मांडवगडाजवळच्या घाटाने माळव्यात आली. उदाजी पवार त्या फौजेत होते. २९ नोव्हेंबरला आमझऱ्याला, आजच्या धार जिल्ह्यातच, मोगलांचा सुभेदार गिरिधर बहादूर लढाईत मारला गेला. जड तोफा नाहीत, बुणगे नाहीत, घोड्यावर मावेल तेवढंच सामान; या वेगापुढे मोगली लवाजमा टिकला नाही. पुढे बत्तीस वर्षांनी, १४ जानेवारी १७६१ला, पानिपतावर नेमकी उलट गोष्ट झाली. तोफखाना, बाजारबुणगे, यात्रेकरू आणि बायकामुलं यांच्यासह अडकून पडलेल्या त्या फौजेत धारचे यशवंतराव पवारही कामी आले. बखरींचा अभिमान बाळगताना एवढं लक्षात ठेवलेलं बरं की आमझऱ्याच्या घोडेस्वारांनी दाणावैरण पाठीवर आणली नव्हती. ती माळव्यातल्या गावांनी पुरवली, आणि तेव्हा त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

धारमधून पुढे महेश्वर, बडवाह मागे टाकत वाट देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागात शिरते, तेव्हा हिशेब बदलतो. उदयनगर-बागलीकडचं हे जंगल विरळ वस्तीचं आहे. सीतावन, जवळच कावडिया पहाडातले बेसॉल्टचे कोनाकोनांचे खांब, आणि मैलोन्‌मैल सागवान. इथे दिवसभराचं खाणं आणि दोन लिटर पाणी जवळ हवं, म्हणजे सॅक आपसूक तीनेक किलोंनी वाढते. सगळा प्रवास जेमतेम सामानात करणाऱ्यानेही वरच्या बाजूला थोडी जागा सोडावी ती या टप्प्यासाठी. याच पट्ट्यात धाराजी होतं. धावडी कुंडात पाण्याच्या माऱ्याने दगड गरगरून गुळगुळीत बाणलिंगं तयार होत. ओंकारेश्वर धरणाच्या पाण्याखाली ते गेलं, पण नर्मदेचा प्रत्येक खडा शंकर ही भावना गेलेली नाही. परिणाम असा की ग्रॅमचा हिशेब करून चमच्याची दांडी कापणारी माणसंसुद्धा वाटेत सहा-सात खडे उचलतात आणि नेमावरच्या सिद्धनाथापर्यंत येईतो त्यांच्या सॅकचा एक कप्पा शंकरांनी भरलेला असतो. यावर कोणत्याही कंपनीकडे उपाय नाही.

धरणांनी सॅकवर आणखीही एक परिणाम केला. सप्टेंबर २०१९मध्ये सरदार सरोवर पहिल्यांदा पूर्ण उंचीपर्यंत, १३८.६८ मीटरपर्यंत भरलं, आणि धार जिल्ह्यातलं चिखल्दा, निसरपूर ही गावं बुडाली. परिक्रमेची वाट काठापासून दूर, रस्त्यांवर सरकली. मुक्कामाला मिळणारे घाट, देवळं, ओसऱ्या गेल्या. त्या ओसऱ्यांचे मालक पुनर्वसनाच्या पत्र्याच्या वस्त्यांमध्ये गेले. एखादं गाव नकाशावरून पुसलं जातं तेव्हा परिक्रमावासीयाला एका मुक्कामाचं खाणं जास्त वाहावं लागतं. नव्या वस्तीतही लोक बोलावून चहा देतात. घ्यायचा की नाही, हा प्रश्न मात्र घेणाऱ्याने आधीपेक्षा जास्त वेळ मनात घोळवायला हवा.

निघण्याआधी भरलेली सॅक तपासून बघायची तर देवास शहरासारखी जागा नाही. पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन पात्या जिथे शेजारी शेजारी राज्य करत होत्या, त्या गावाच्या मधोमध चामुंडेची टेकडी आहे. ई. एम. फॉर्स्टरने १९५३ला आपल्या देवासच्या पुस्तकाला नाव दिलं ते या टेकडीवरून, आणि क्षयाने आजारी कुमार गंधर्व १९४८ला कोरड्या हवेसाठी इथे आले ते पुढे तिच्याच पायथ्याशी राहिले. वर तुळजाभवानी आणि चामुंडा, म्हणजे बडी माता आणि छोटी माता. उंची तीनेकशे फुटांचीच, पायऱ्या बांधलेल्या. पण पूर्ण भरलेल्या सॅकसह दोनदा चढउतार केली की पट्टा कुठे काचतो, कुठलं टोक पाठीत रुततं, सगळं कळतं. मग खाली येऊन झाडाखाली सॅक उलटी करायची आणि घरी परत पाठवायच्या वस्तूंचं खोकं भरायचं. मराठी मंडळींच्या बाबतीत आधी जाड पुस्तक परत जातं, मग जादा चादर. लाडवांचा डबा कोणी परत पाठवत नाही. तो तिथेच, झाडाखाली, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटून हलका केला जातो.