काचेमागचा रंग

घरात मत्स्यपेटी आणायचे ठरले की मासे कोणते घ्यावेत यावर आठवडाभर चर्चा रंगते. पेटीच्या पाठीमागे काय लावायचे, हा विचार मात्र अखेरच्या घटकेपर्यंत कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक तो सर्वांत आधी व्हायला हवा. आमची पेटी तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच. म्हणजे काठोकाठ भरली तर सुमारे सव्वाशे लिटर पाणी. अशी भरलेली पेटी भिंतीपासून वीतभर सरकवायची तरी घरातले सगळे हात लागतात.

दुकानदाराने आमच्यापुढे चित्रांची भेंडोळीच उलगडली. चकचकीत प्लॅस्टिकवर छापलेली निळीशार प्रवाळबेटे, बुडालेली गलबते, रोमन खांब! प्रवाळ वाढते खाऱ्या पाण्यात आणि घरोघरच्या पेट्यांतले मासे बहुधा गोड्या पाण्यातले. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला एंजल मासा घ्या. त्याच्या अंगावरचे उभे काळे पट्टे पाणवनस्पतींच्या देठांत मिसळून जाण्यासाठी असतात. तो बिचारा या छापील प्रवाळासमोर परगावच्या लग्नात चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखा दिसतो.

तरीही मुलांना निळे चित्रच हवे होते, आणि मीही कदाचित हो म्हटले असते. परंतु पेटी मुलांसाठी नव्हती, बाबांसाठी होती. वसईच्या किनाऱ्यावरून त्यांनी आयुष्यभर होडी हाकली. आता काचबिंदूने त्यांची दृष्टी बरीच नेली आहे. काचबिंदूने नेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली टिकावी म्हणून दोन वेळा औषधाचे थेंब घालायचे, एवढेच आपल्या हाती. त्यांच्या खाटेसमोर काही हलते, जिवंत असावे, म्हणून ही खटपट.

दुकानदार मोठा सोशीक गृहस्थ. सोनमाशांच्या एका पेटीमागे त्याने एकेक कागद धरला. प्रवाळाचे चित्र लावले तेव्हा बाबा म्हणाले, ‘‘काहीतरी हलतंय.’’ पांढऱ्या कागदासमोर त्यांना नुसत्या सावल्या दिसल्या. निळ्यासमोर ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्याने साधा काळा कागद धरला. बाबा खुर्चीत पुढे सरकले. ‘‘तीन आहेत. मधल्याची शेपटी फाटकी आहे.’’

मुलांचा निळ्यासाठी हट्ट चालूच होता. त्यांना बाबा एवढेच म्हणाले, ‘‘समुद्र आतून असा निळा नसतो रे. आपल्या खाडीच्या तोंडाशी हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत.’’

सौभाग्यवतींची हरकत वेगळी होती. घरात काळी भिंत म्हणजे सुतकच की! त्यांची समजूत घालण्याचे काम माशांनीच केले. माशांच्या त्वचेत रंगकणांनी भरलेल्या पेशी असतात. भोवताल गडद असला की गडद कण पेशीभर पसरतात. फिकट असला की ते आकसतात आणि पुष्कळ जातींचे मासे निस्तेज दिसू लागतात. शिवाय पाठ झाकलेली असली की मागच्या हालचालींनी मासे दचकत नाहीत. आरसा लावण्याची हौस मात्र कोणी करू नये. फायटर मासा स्वतःच्याच प्रतिबिंबाशी कल्ले फुगवून झुंजत बसतो.

आम्ही कागदाऐवजी रंग पसंत केला. कागद आणि काच यांच्यामध्ये हवा राहिली की रुपेरी डाग दिसतात. ते टाळायला मधे ग्लिसरीन फासावे लागते. रंगाला ती भानगड नाही. पेटी रिकामी आणि कोरडी असताना मागच्या काचेला बाहेरून दोन हात द्यायचे. आतून कधीही नाही, कारण मासे त्याच पाण्यात श्वास घेतात. काळ्याचा एक दोष आहेच: काचेवर साचणारे पांढरे क्षार त्याच्यावर लगेच उठून दिसतात, म्हणून वरचेवर पुसावे लागते. ते काम धाकट्याकडे आहे.

आता बाबा रोज सायंकाळी मासे मोजतात. काल त्यांनी दोनच मोजले. आम्ही घाईघाईने तीन असल्याचे सांगितले. ‘‘ठाऊक आहे,’’ ते म्हणाले, ‘‘तिसरा पाल्यामागे गेलाय. येऊ दे त्याला.’’