इंडी, आमच्या गल्लीतली

"इंडी पॉप म्हणजे नक्की काय रे?" असं कुणी विचारलं की माझी टेप सुरू.. १९८६ ची एनएमई साप्ताहिकाची 'सी८६' कॅसेट, १९८७ ते १९९५ चाललेली ब्रिस्टलची चिमुकली 'सारा रेकॉर्ड्स', साधा आवाज, मोठ्या कंपनीचा हात नाही. गिटारच्या गोंगाटात गाणारा बुडवला की झालं शूगेझ! मराठीत शोधायचं तर मिलिंद इंगळेंचा 'गारवा' (१९९८), सिनेमाशिवाय उभा राहिलेला.

परवा करावे गावठाणात आमच्या खालीच हळद होती. साडेअकरा वाजले तरी बेंजो थांबेना आणि सकाळी माझं रिलीज. तणतणत खाली उतरलो. कीबोर्डवाला पोरगा घाम पुसत हसला, "दादा, यो गाना आमचाच हाय! चाल माझी, शब्द काकाचं."

ना लेबल, ना स्टुडिओ. शेजारच्या खोलीत मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं. आणि वर्षभर याच आवाजावर खिडकी लावून मी लोकांना ब्रिस्टल समजावत होतो! तक्रार घशातच राहिली. "मला पण पाठव ना," एवढंच म्हणालो.

रिलीज डोळे चोळत पार पडलं. हेडफोनवर तेच गाणं होतं. असो, गाईड आता करावेपासून सुरू :)