बंद गळ्याचे पोलके

आमची थोरली बहीण, जिला सारे घर अक्का म्हणते, तिला बंद गळ्याच्या पोलक्याखेरीज आम्ही कधी पाहिले नाही. मग इंदूरचा मे महिना असो की घरचे लग्नकार्य. कारण सर्वांस ठाऊक होते आणि कोणीही ते बोलत नसे. १९७४ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मुंबईस तिच्या हृदयातील छिद्र शिवले गेले आणि छातीच्या मधोमध एक उभी खूण राहिली.

आम्ही तेव्हा चौदा वर्षांचे होतो. छोट्या लाइनीने रतलाम, तेथून मोठी गाडी. वडिलांच्या मांडीवर प्रॉव्हिडंट फंडातून काढलेल्या पैशांची पिशवी. छातीचे हाड चिरायचे, रक्त यंत्रातून फिरवीत ठेवायचे, हृदय थांबवायचे आणि टाके घालायचे, एवढे आम्हांस कळले होते. फिलाडेल्फियाच्या डॉ. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी हृदय-फुफ्फुस यंत्राच्या आधाराने असेच छिद्र यशस्वीपणे बुजविले, तेव्हा त्यांची रुग्णही अठरा वर्षांची मुलगी होती, हे आम्ही फार पुढे वाचले. अक्का वाचली, ठणठणीत झाली. मात्र स्थळे तीनदा आली नि तीनदा परत गेली. वडील लपवाछपवी करणाऱ्यांतले नव्हते. शस्त्रक्रियेचे सांगितले की पुढे पत्र येत नसे. अक्काने चौतीस वर्षे शाळेत गणित शिकविले.

गेल्या वर्षी आमच्या सात वर्षांच्या नातीला खोकला झाला. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पुन्हा लावली आणि इको काढावयास सांगितले. वरच्या दोन कप्प्यांमधील, म्हणजे कर्णिकांमधील, पडद्यात चौदा मिलिमीटरचे छिद्र निघाले. गर्भात या ठिकाणी प्रत्येकालाच एक वाट असते, कारण तेथे फुफ्फुसांचे काम सुरू झालेले नसते. जन्मानंतर ती मिटते. काहींचा पडदाच मुळात अपुरा राहतो. मग डाव्या बाजूचे शुद्ध रक्त उजवीकडे शिरून पुन्हा फुफ्फुसांकडेच जाते. हृदयाची उजवी बाजू वर्षानुवर्षे जादा भार वाहून फुगते. मूल धावते, खेळते, म्हणून घरच्यांना काहीच दिसत नाही.

डॉक्टर म्हणाले, छाती उघडण्याची गरज नाही; जांघेतील शिरेतून तार नेऊन छिद्रावर छत्री बसवू. मुलगा व सूनबाई तत्काळ तयार झाली. आम्ही अडलो. साऱ्या नोकरीत नव्या प्रस्तावाच्या नस्तीवर ‘नजीर काय?’ असा शेरा मारण्याची सवय. आणि घरात पन्नास वर्षे टिकलेल्या टाक्यांची नजीर तर समोर बसलेली!

डॉक्टरांनी शांतपणे आमची शंका ऐकली. नजीर होती. अमेरिकेत टेरी किंग आणि नोएल मिल्स यांनी १९७५ सालीच, म्हणजे अक्काच्या पुढच्याच वर्षी, तारेवाटे छिद्र बंद केले होते. पुढे कुर्ट अँप्लाट्झ यांनी नायटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या तारांची दुहेरी चकती घडविली. ती बारीक नळीत मिटून बसते आणि बाहेर पडताच आपला मूळ आकार घेते. २००१ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. दुसरी बाजूही डॉक्टरांनी झाकली नाही. पडद्याला चकती धरून ठेवण्यापुरती कड हवी. छिद्र काही विशिष्ट जागी असले तर शस्त्रक्रियाच करावी लागते. क्वचित चकती सरकते, फार क्वचित हृदयाच्या भिंतीला घासते, आणि मग छाती उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

संमतिपत्र दोन दिवस आमच्या मेजावर पडून होते. तिसऱ्या दिवशी अक्काच बोलली. “मला तेव्हा कुणी विचारलं नाही, कारण विचारायला दुसरं काही नव्हतंच. हिच्यासाठी आहे. मग माझ्या छातीचा दाखला देऊन हिची का फाडायला निघालास?”

आम्ही कागद मुलाच्या हाती दिला.

नातीला भूल दिली, अन्ननलिकेत इकोची नळी सोडली. चकतीचा एक पदर पडद्याच्या डाव्या बाजूस उघडला, दुसरा उजवीकडे. किंचित ओढून पाहिले, पक्की बसल्याची खात्री झाली तेव्हाच तार आटे फिरवून सोडविली. तासाभराचे काम. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. अक्का मात्र सारा वेळ उभी होती. तिसऱ्या दिवशी घरी आलो. सहा महिने ॲस्पिरिनची लहान गोळी, काही आठवडे उड्या मारणे बंद. काही महिन्यांत चकतीवर शरीराचेच अस्तर चढते.

परवा नात जांघेतील ठिपका शोधीत होती, तो सापडेना. ती अक्काकडे वळून म्हणाली, “आजी, तुझी खूण दाखव ना.”

घरातले सारे गप्प झालो. अक्काने क्षणभर आमच्याकडे पाहिले, मग नातीचा हात धरून ती आतल्या खोलीत गेली व तिने दार लोटून घेतले. आम्ही ओसरीवर येऊन बसलो. आतून बराच वेळ दोघींचे बोलणे ऐकू येत होते.