लाव रे जरा विविध भारती!

वाड्यात रेडिओ एखाद्याच घरी असायचा, पण ऐकायची सगळी बिऱ्हाडं. माजघरात उंच फळी, फळीवर मर्फी नाहीतर बुश, आणि त्याच्या डोक्यावर काकूंनी क्रोशाने विणलेला रुमाल. लहानांनी हात लावायचा नाही! बटण पिळलं की आधी नुसताच उजेड यायचा. वाल्व्ह तापले की मग आवाज. भिंतीलगत ताणलेली एरियलची जाळीदार पट्टी. काटा फिरवणारा दोरा सुटला, तर तो बसवणारे एक हुशार काका प्रत्येक वाड्यात असायचेच. आणि दरवर्षी पोस्टात जाऊन रेडिओच्या लायसनच्या पुस्तकावर शिक्का मारून आणायचं काम थोरल्या दादाचं.

बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीने सिनेमाची गाणी दूर ठेवली आणि सगळे रेडिओ सिलोनकडे वळले. बुधवारी रात्री आठ वाजता बिनाका गीतमाला, अमीन सयानींचा आवाज आणि शॉर्टवेव्हची खरखर. गाणं ऐन रंगात आलं की नेमकं बुडायचं. मग ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, तेव्हा कुठे आपल्या घरची गाणी आपल्या घरी आली. जाहिराती मात्र आल्या १ नोव्हेंबर १९६७ला, आणि पहिला मान मुंबई-पुणे-नागपूरचा! "आता आकाशवाणीनंही दुकान मांडलं," म्हणत नानांनी नाक मुरडलं. पुढे निरमाची चाल आंघोळीच्या वेळी तेच गुणगुणायचे. साबण मात्र घरात वर्षानुवर्षं तोच.

भिंतीवरचं घड्याळ मागेपुढे व्हायचं, रेडिओ नाही. भूले-बिसरे गीत लागलं की बंब पेटलेला हवा. फौजी भावांसाठी जयमाला लागली की दिवेलागण उरकलेली हवी. हवामहल सुरू झालं की पानं मांडायची. छायागीताला अंथरुणं पडलेली, आणि बेला के फूल ऐकू आलं तर समजायचं, आज फार जागरण झालं. मधूनच इन्स्पेक्टर ईगल, मधूनच एस. कुमार्सचा फिल्मी मुकदमा. त्यात फर्माईशवाल्यांची नावं! झुमरी तलैया नकाशात कुठे आहे, हे ठाऊक नसलं तरी तिथल्या लोकांची आवडनिवड आम्हाला तोंडपाठ. आपणही पोस्टकार्ड टाकायचं आणि कान टवकारून बसायचं. नाव कधी यायचं नाही. गाणं मात्र यायचं, दुसऱ्याच कुणाच्या नावावर.

मग कातडी झबल्यातला ट्रान्झिस्टर आला. आवाज बसला की सेल काढून उन्हात ठेवायचे; दोन दिवस आणखी चालायचे. झाकणाची खिटी तुटली तर रबरबँड लावायचं, पण नवीन घ्यायचा विचारसुद्धा नाही.

एकच रेडिओ, एकच काटा, आणि ऐकणारी माणसं ढीगभर. आजीला जुनी गाणी हवी, दादाला किशोरकुमार, नानांना बातम्या. ज्याची पाळी त्याचं गाणं, बाकीच्यांनी मुकाट ऐकायचं. हल्ली ज्याच्या त्याच्या कानात ज्याचं त्याचं गाणं. तक्रार करायलाही जागा नाही. आमच्या पिढीला मात्र न आवडणारी गाणीसुद्धा तोंडपाठ आहेत, आणि त्यातलं कुठलं घरात कुणाच्या आवडीचं होतं, तेही.