बन्नीतलं दूध आणि आईचं दूध

गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही कच्छला गेलो होतो. बरोबर धाकटी नणंद आणि तिचं चार महिन्यांचं बाळ. तिचं मन मात्र प्रवासात नव्हतंच. "वहिनी, माझं दूध अगदी पाण्यासारखं पातळ आहे हो! शेजारच्या काकू म्हणतात, म्हशीचं दूध पाणी घालून सुरू कर," हे पालुपद मुंबईपासून चाललं होतं.

भुजहून धोरडोच्या पांढऱ्या रणाकडे जाताना बन्नीचं गवताळ रान लागतं. इथल्या म्हशी रात्रभर चरतात आणि सकाळी दूध द्यायला घरी परततात! २०१० साली या बन्नी म्हशीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. वाटेत भिरंडियाराला मावा खाल्ला. दुधाचा दाटपणा म्हणजे काय ते तिथं कळलं.

पुढे एका मालधारी घरी गोल भुंग्यात बसवून आमचं स्वागत झालं. यजमानीणबाईंनी वाटीत उंटिणीचं दूध दिलं. पातळ, किंचित खारट. "याचं दही नीट लागत नाही," त्या हसत म्हणाल्या, "पण उंटिणीचं पिल्लू यावरच वाढतं ना!"

नणंद एकदम गप्प झाली. मी अर्धवेळ का होईना, शाळेत विज्ञान शिकवते. तेव्हा परतताना तिला आकडेच सांगितले. शंभर ग्रॅम दुधात स्निग्धांश म्हशीच्या साधारण ७ ग्रॅम, गाईच्या, शेळीच्या आणि आईच्याही ४ च्या आसपास. प्रथिनं म्हशीच्या दुधात ४, गाईच्या सव्वातीन, आईच्या जेमतेम १. मग आईचं दूध कमी प्रतीचं का? मुळीच नाही! वासराचं वजन दीड महिन्यात दुप्पट होतं, आपल्या बाळाला चार-पाच महिने लागतात. त्याला एवढी प्रथिनं आणि क्षार नकोतच; कोवळ्या मूत्रपिंडांवर ताण येतो. पाणी घातलं तर ताकदच कमी होते. आईच्या दुधात साखर मात्र सर्वांत जास्त, ७ ग्रॅम. शेळीचं दूध हलकं म्हणून देतात. पण त्यात फोलेट फार कमी, नुसत्या त्यावर ठेवलेल्या बाळाला पंडुरोग होऊ शकतो.

आणि सुरुवातीचं दूध पातळ दिसतं, शेवटचं दाट असतं. म्हणून एक बाजू पुरती पिऊ द्यावी.

भुजला डॉक्टरांकडे बाळाचं वजन केलं. जन्मताना पावणेतीन किलो, आता साडेपाच! नणंदेच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तर मैत्रिणींनो, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, नंतर त्याच्या जोडीला मऊ भात, खिमट. वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून नको. शंका आलीच तर दुधाचा रंग पाहू नका; बाळाचं वजन पाहा, दिवसाकाठी सहा-सात लंगोट ओले होतात का ते मोजा, आणि डॉक्टरांना विचारा.

परतीच्या गाडीत 'पातळ' हा शब्द एकदाही निघाला नाही.